सूचक, अनुमोदक आणि उपस्थित पालक

नोव्हेंबर 2020 ते जानेवारी 2026 या काळात कल्याण-डोंबिवली महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता. म्हणजे माणसं होती, पांढरे शर्ट होते, गळ्यातल्या साखळ्या होत्या, लग्नात पहिल्या रांगेतला सोफाही होता. फक्त पद नव्हतं. 2015 साली निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपली. मग कोरोना, मग प्रभागरचना, मग आरक्षणाचा खटला असं करत करत निवडणूक पुढे ढकलली गेली आणि कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. 122 खुर्च्यांवर धूळ. आमच्या शहाडमध्ये त्याचा परिणाम एवढाच दिसला की बॅनरवरचे 'कार्यसम्राट नगरसेवक' हे 'माजी' व्हायच्या ऐवजी थेट 'भावी' झाले, आणि जे आधीपासून भावी होते ते तसेच भावी राहिले.

पण याच काळात पालिकेच्या हद्दीत लोकांनी हात वर करून निवडलेलं एक सत्ताकेंद्र बिनबोभाट चालू होतं. त्याला बॅनर नव्हता, म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही. ते म्हणजे पालिकेच्या शाळेची शाळा व्यवस्थापन समिती. (सोसायट्यांच्या कमिट्या मी धरत नाही. तिथं निवडणूक नसते, सूड असतो.)

शिक्षण हक्क कायदा 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. आता एक एप्रिल ही तारीख कुणी निवडली हे विचारू नये. त्याच्या कलम 21 नुसार विनाअनुदानित शाळा सोडून बाकी प्रत्येक शाळेत अशी समिती हवी. तीन-चतुर्थांश सदस्य पालक, एकूण सदस्यांत निम्म्या बायका, मुख्याध्यापक सचिव. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे अध्यक्ष पालकांमधलाच, मुदत दोन वर्षांची आणि बैठक दर महिन्याला. उरलेल्या पाव हिश्श्यात एक शिक्षक, एक स्थानिक लोकप्रतिनिधी आणि एक स्थानिक शिक्षणतज्ज्ञ. शाळेचा विकास आराखडा या मंडळींनी करायचा, आलेल्या पैशांचा विनियोग बघायचा, मुलं शाळेत येतात का आणि शिक्षक वर्गात जातात का यावर लक्ष ठेवायचं. कायदा वाचला तर अंगावर काटा येतो, इतका विश्वास त्यात आई-बापांवर टाकलेला आहे. ज्यानं हा मसुदा लिहिला, त्यानं आपल्या सोसायटीची वार्षिक सभा कधी अटेंड केली नसावी.

शहाडच्या आमच्या पालिका शाळेत लोकप्रतिनिधीची जागा आपोआप रिकामी राहिली, कारण प्रतिनिधीच शिल्लक नव्हते. शिक्षणतज्ज्ञाची तरी रिकामी राहू नये म्हणून मुख्याध्यापकांनी मला गाठलं. "तुम्ही लिहिता ना काहीतरी?" हा प्रश्न मला आजवर घरात फक्त तक्रारीच्या सुरात विचारला गेला होता. इथं ती पात्रता ठरली. नंतर मला शहाडपुरती शिक्षणतज्ज्ञाची व्याख्या कळली: जो दुपारी दोन वाजता मोकळा असतो, चष्मा लावतो आणि ज्याचे स्वतःचे क्लासेस नाहीत, असा इसम. तिसरी अट सगळ्यात अवघड. आमच्याकडे प्रत्येक तिसऱ्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर 'शंभर टक्के निकाल' लागतो.

शहाड हे कल्याणच्या पुढचं, कसाऱ्याच्या रेषेवरचं पहिलं स्टेशन. मुंबईकरांच्या मते कल्याणनंतर मनुष्यवस्ती विरळ होते. त्यांना खरं तर सकाळच्या वेळी आमच्या फलाटावर आणून उभं केलं पाहिजे. एकीकडे कल्याण-डोंबिवली महापालिका आणि चार पावलं टाकली की उल्हासनगर महापालिका. त्यामुळे खड्डा नेमका कुणाच्या हद्दीत आहे हे ठरेपर्यंत त्यात दुसरा पावसाळा साठतो. विठ्ठलमंदिरामुळे आषाढीला अख्खा तालुका शहाडात असतो आणि उरलेले दिवस अख्खा तालुका शहाडच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये असतो. शाळेत गावठाणातली आगरी पोरं, चाळींतली जळगाव-बीड-परभणीकडची पोरं, आणि जौनपूरहून येऊन दोन वर्षांत आमच्यापेक्षा शुद्ध आगरी बोलणारी पोरं. बाप सकाळी गाडी पकडून जातो तो रात्री उगवतो. त्यामुळे पालक या शब्दाचा आमच्या शाळेतला अर्थ आई असाच आहे. निम्म्या बायका हव्यात अशी कायद्याची अट आहे. आम्हाला निम्मे पुरुष मिळवताना घाम फुटतो.

निवडणुकीच्या दिवसाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण ती कला आहे.

पालकसभेची सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर आली. त्यात 'निवडणूक' हा शब्द नव्हता. अनुभवी मुख्याध्यापक तो कधीच लिहीत नाहीत. 'पाठ्यपुस्तके व गणवेशाबाबत महत्त्वाची सूचना देण्यात येणार आहे, सर्व पालकांनी उपस्थित राहावे' एवढंच. दोनची सभा पावणेतीनला सुरू झाली. वर्ग भरला. पहिलीच्या बाकांवर आया गुडघे छातीशी घेऊन बसल्या होत्या. सरांनी प्रास्ताविक केलं, सावित्रीबाईंच्या फोटोला हार घातला, आणि अगदी सहज, जाता जाता सांगितल्यासारखं म्हणाले, "आता आपल्याला समिती निवडायची आहे."

दाराजवळच्या बाकावर बसलेल्या दोघी त्या क्षणी नव्हत्या. त्या कधी गेल्या, कशा गेल्या, कुणी पाहिलं नाही. उरलेल्यांच्या कडेवरची पोरं एकदम रडायला लागली. मी नीट बघत होतो. एकाला तर स्पष्ट चिमटा बसला. कुणाचा गॅस चालू राहिला होता, कुणाकडे नळाला पाणी यायची वेळ झाली होती. मोठ्या निवडणुकीत उमेदवारी मिळावी म्हणून माणसं पक्ष बदलतात. इथं मिळू नये म्हणून बायका खिडकीबाहेर बघत होत्या.

अशा वेळी हमखास एक जण सापडतो. नियम सोपा आहे: जो प्रश्न विचारतो त्याला पद मिळतं. मागच्या बाकावरून एक ताई उठल्या. स्टेशनजवळ पोळी-भाजीचे डबे करून देतात. त्यांनी विचारलं, "सर, मुलींच्या संडासात पाणी का नसतं?" सरांच्या चेहऱ्यावर जी प्रसन्नता पसरली ती मी फक्त दहावीच्या निकालाच्या दिवशी पाहिली आहे. "बघा, अशा जागरूक पालकांची समितीला गरज आहे. अध्यक्षपदासाठी सूचक कोण?" सूचक म्हणून एक हात वर झाला. तो हात खरं म्हणजे जांभई देताना वर गेला होता, पण इतिवृत्तात जांभईला रकाना नसतो. अनुमोदक म्हणून गावठाणातली एक आजी. नातू सांभाळते, म्हणून पालक. तिला अनुमोदन म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण कुणीतरी "हो म्हणा" म्हटलं आणि ती हो म्हणाली. लगेच तिचंच नाव उपाध्यक्ष म्हणून लिहिलं गेलं. "मना नाय जमायचा," असं तिनं ठणकावून सांगितलं. सरांनी ते नम्रता म्हणून नोंदवलं.

मतदान हात वर करून झालं. सगळ्यांचे हात वर. त्यात एक हात चौथीतल्या पोराचा होता, त्याला पाणी प्यायला जायचं होतं. तोही धरला गेला. निवड बिनविरोध, एकमताने, टाळ्यांच्या गजरात. शाल आणि श्रीफळ आलं. शाल सरांनी अध्यक्षांच्या खांद्यावर घातली, फोटो काढला आणि शाल घडी करून पुन्हा कपाटात ठेवली. कोपऱ्यावरचा शाईचा डाग मी ओळखला. दोन वर्षांपूर्वी माझ्याही खांद्यावर तीच होती. नारळ मात्र घरी नेता येतो.

शाळा चालवायला लोकांनी निवडून दिलेली माणसं हवीत, ही कल्पना तशी जुनी आहे. 1870 साली लंडनमध्ये पहिल्यांदा शाळामंडळाची निवडणूक झाली. तेव्हा इंग्लंडमधल्या बाईला पार्लमेंटसाठी मत नव्हतं, पण या मंडळाला मतही देता येत होतं आणि उभंही राहता येत होतं. एलिझाबेथ गॅरेट नावाच्या डॉक्टरीणबाई मॅरिलबोनमधून उभ्या राहिल्या आणि जवळपास 48 हजार मतं घेऊन सगळ्यांच्या पुढे निघून गेल्या. आमच्या पोळीभाजीवाल्या ताईंच्या वाट्याला एका वर्गात मावले तेवढेच हात आले, हे खरं. पण गॅरेटबाईंना मॅरिलबोनमध्ये कुणी चिमटे काढून पोरं रडवून पळून जायला बघत नव्हतं, हेही लक्षात घ्यायला हवं.

मार्क ट्वेन 1896 च्या जानेवारीत मुंबईला उतरला होता. तिथून पुढे रेल्वेनं अलाहाबादला गेला. ती गाडी तेव्हाही कल्याण-कसाऱ्यावरूनच जायची. त्या प्रवासाच्या पुस्तकात त्यानं शाळामंडळांच्या सभासदांबद्दल एक वाक्य लिहून ठेवलंय. ते मी इथं देत नाही. समितीतल्या दोघी माझ्याच मजल्यावर राहतात.

आपल्याकडे 1923 साली, रँग्लर परांजपे शिक्षणमंत्री होऊन गेले त्याच सुमारास, मुंबई इलाख्यात प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि शाळा स्थानिक मंडळांच्या ताब्यात आल्या. केंब्रिजला गणितात पहिला आलेला मनुष्य शिक्षणखातं सांभाळतो, हे आज सांगितलं तर मुलं दंतकथा समजतील. मग 1947 चा कायदा, आणि त्यातून महापालिकांची शिक्षण मंडळं. त्यांचे सभासद नगरसेवक निवडायचे. थोरामोठ्यांनी ही मंडळं शिक्षणासाठी काढली होती, पण पुढे पुढे शहराशहरांत लोक त्याकडे बघायचे ते वेगळ्या नजरेनं: ज्याचं तिकीट कापलं, ज्याला स्थायी समितीत बसवता आलं नाही, त्याची सोय कुठं करायची, तर शिक्षण मंडळात. आमच्या कल्याणात एक काळ असा होता की एखाद्यावर अन्याय झाला म्हणून कार्यकर्ते ओरडले की दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात शिक्षण मंडळाची पाटी. पाटी मिळाल्यावर तो 'शिक्षणमहर्षी' व्हायचा. शिक्षण हक्काचा कायदा आल्यावर 2013 साली सरकारनं ही मंडळं गुंडाळायचं ठरवलं. शिक्षणाचं काय झालं ते तज्ज्ञ सांगतील. मी त्यातला फक्त दुपारपुरता आहे. पण कितीतरी महर्षी एका रात्रीत बेघर झाले, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

खासगी शाळांत तर वेगळीच गंमत. तिथं शुल्क नियंत्रणाच्या 2011 च्या कायद्यानं पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती येते, आणि तिचे पालक सदस्य निवडले जातात सोडत काढून. चिठ्ठ्या! आमच्या बिल्डिंगमधल्या एका गृहस्थांनी आयुष्यभर म्हाडाचे फॉर्म भरले, एकदाही नंबर लागला नाही. मुलाच्या शाळेत पहिल्याच फटक्यात लागला. फीवाढीवर सही करायच्या समितीत. ते अजून म्हणतात, नशीब होतं ते इथं खर्च झालं. आणि फी जास्त वाटली तर दाद मागायची सोय आहे, पण 2018 च्या दुरुस्तीपासून त्यासाठी पंचवीस टक्के पालक एकत्र यावे लागतात. पंचवीस टक्के पालक आमच्या भागात फक्त एकाच ठिकाणी एकत्र येतात: साडेबाराला शाळेच्या गेटसमोर, रस्त्याच्या मधोमध, स्कूटरवर.

पुन्हा आमच्या अध्यक्षांकडे.

पहिल्या महिन्यात सत्ता त्यांच्या यजमानांकडे होती. गावाकडे सरपंचपती असतात, तसे हे अध्यक्षपती. रिक्षा चालवतात. निवडीनंतर आठवड्यात रिक्षाच्या मागच्या काचेवर स्टिकर आलं: 'अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती'. नाव नाही. शहाड स्टेशनच्या रांगेत बाकीचे रिक्षावाले त्यांना अध्यक्ष म्हणूनच हाक मारायला लागले. पहिल्या बैठकीला ते स्वतः आले आणि मधल्या खुर्चीवर बसले. उपाध्यक्ष आजीनं पान थुंकून आल्यावर त्यांच्याकडे पाहिलं. "तुजा नाव हाय का कागदावर?" ते म्हणाले, "मंडळीचं आहे." "मग मंडळीला बसू दे की." अध्यक्षपती बाकावर गेले. पुढच्या बैठकीला आले नाहीत. स्टिकर मात्र आहे. ते काढलं तर काच तडकेल म्हणतात.

पण आपल्या हातात काय आलंय हे ताईंना कळलं ते बँकेत. समितीचं खातं अध्यक्ष आणि मुख्याध्यापकांच्या जोड सहीनं चालतं. आधार, पॅन, दोन फोटो, ठरावाची प्रत, सगळं घेऊन सर ताईंना बँकेत घेऊन गेले आणि नमुना सही करायला लावली. ताईंनी आयुष्यात पहिल्यांदा इतक्या वेळा आपलं पूर्ण नाव लिहिलं. त्यानंतर दहाएक दिवसांनी मी डबा आणायला गेलो, तर पोळ्यांच्या परातीसमोर आमचे मुख्याध्यापक हातात फाइल घेऊन उभे. "ताई, तेवढी एक सही." ताईंनी मान वर न करता सांगितलं, "हात पिठाचे आहेत सर. बसा. ही थप्पी होऊ दे." सर बसले. बावीस वर्षं नोकरी केलेला माणूस कणकेच्या डब्यावर बसून थप्पी संपायची वाट बघत होता. सही करण्याआधी ताईंनी विचारलं, "हे कशाचं?" सरांनी सांगितलं, किरकोळ दुरुस्ती. "किरकोळ म्हणजे काय काय?" मग यादी वाचून झाली. यादीत संडासाचा नळ नव्हता. सही झाली ती यादीत नळ लिहून झाल्यावर.

खिचडीचंही असंच. शाळेत पोषण आहार आला की मुलांना वाढण्याआधी कुणीतरी चाखून पाहायचा आणि चव नोंदवहीत शेरा लिहायचा. ही नोंदवही मी चाळली आहे. पानंच्या पानं 'चव उत्तम'. मराठी भाषेत एवढं सातत्य फक्त पोलिस पंचनाम्यात सापडतं. ताईंनी पहिल्याच दिवशी लिहिलं: 'मीठ कमी. डाळ शोधली, दोन ठिकाणी सापडली.' सर हादरले. "ताई, हे रेकॉर्ड आहे, इथं असं लिहीत नाहीत." "मग कुठं लिहितात?" याला उत्तर नव्हतं. आठवडाभरात खिचडीचा रंग पिवळा झाला. दुसऱ्यांची पोळीभाजी रोज चाखणाऱ्या बाईला चव नोंदवही देणं हा प्रशासनाचा अंदाज चुकला, एवढंच मी म्हणेन.

अंड्याचा विषय निघाला तो 2024 मध्ये. सरकारनं आहाराची नवी पाककृती काढली, त्यात अंडा पुलावही होता. पोरं खूष. 2025 च्या जानेवारीत सरकारनं अंड्याचे पैसे द्यायचं थांबवलं आणि हवं तर लोकसहभागातून करा असं सांगितलं. शहाडात लोकसहभाग म्हणजे भावी मंडळी. एक जण ट्रे घेऊन आले. अंडी तीस, फोटो चाळीस. त्यानंतर लोकसहभाग थकला.

समित्यांबद्दल एक सांगायचं राहिलं. शाळेत ही एकच समिती नव्हती. डझनाहून जास्त होत्या. माता-पालक, परिवहन, तक्रार, सुरक्षा, आणखी कशाकशाच्या. माणसं तीच. दोन वाजता आम्ही एक समिती असायचो, सव्वादोनला त्याच बाकांवर दुसरी. चहा एकच, इतिवृत्ताची वही बदलायची. एकदा वह्या बदलताना गोंधळ झाला आणि परिवहन समितीनं हात धुण्याच्या साबणाचा ठराव मंजूर केला. 2025 मध्ये शासनानं या सगळ्या एकत्र करून चारच ठेवल्या. तो निर्णय वाचून उपाध्यक्ष आजीनं कपाळाला हात लावला. तिच्या हिशेबानं तिची बाकीची पदं गेली होती.

आता गणवेश. ही खरी लढाई. दीपक केसरकर शिक्षणमंत्री असताना सरकारनं 'एक राज्य, एक गणवेश' असं ठरवलं. आजवर गणवेशाचे पैसे समितीकडे यायचे आणि समिती कापड घ्यायची. आता मंत्रालयानं एकदमच कापड घेऊन शिवून राज्यभर पाठवायचं. गडचिरोलीच्या पोराला आणि शहाडच्या पोराला एकच शर्ट. विचार उदात्त. पण पोरांची मापं वेगवेगळी असतात ही बातमी मंत्रालयात उशिरा पोचली. कुठे गणवेश पोचलेच नाहीत, कुठे पोचले ते दुसरीच्या मुलाला चौथीपर्यंत पुरतील असे. शेवटी डिसेंबर 2024 मध्ये सरकारनं योजना मागं घेतली आणि खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवली. दर: एका गणवेशाला 300 रुपये.

तीनशे रुपयांत शर्ट, पँट, शिलाईसकट. हा आकडा ऐकून अर्थतज्ज्ञ घाबरला असता. ताई म्हणाल्या, "उल्हासनगरला जाऊ." शेअर रिक्षात अध्यक्ष, उपाध्यक्ष, दोन सदस्य आणि शिक्षणतज्ज्ञ असं शिष्टमंडळ निघालं. गजानन मार्केटमधल्या सिंधी दुकानदारानं ताईंना बसायला स्टूल दिलं, थंड मागवलं आणि भाव सांगितला. ताईंनी थंड प्यायलं आणि भाव ऐकलाच नाही. कापड दोन बोटांत धरून चुरगळलं, सोडलं, सुरकुती राहते का पाहिलं. मग दोऱ्याचं टोक ओढून दातांखाली धरलं. "पाण्यात आटंल हे." दुकानदार म्हणाला, "भाभी, गॅरंटी." ताई म्हणाल्या, "लिहून द्या. शाळेच्या लेटरहेडवर ठराव करते." ठराव हा शब्द दुकानदारानं बहुधा पहिल्यांदाच गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकला. आजी मध्येच उठून बाहेर चालू लागली. तिला खरोखर पान खायचं होतं, पण दुकानदाराला वाटलं सौदा फिसकटला. त्यानं मीटरमागे सहा रुपये कमी केले. आजीला अजून माहीत नाही की त्या दिवशी तिनं शासनाचे किती पैसे वाचवले. शिलाई वस्तीतल्याच तिघींना दिली, प्रत्येक पोराचं माप टेपनं घेऊन. एका पोराची पँट आखूड झाली, ती उसवून परत दिली. मंत्रालयाला जे जमलं नव्हतं ते एका रिक्षात बसून आलं. मी काय केलं विचाराल, तर पिशव्या धरल्या.

जानेवारीत, म्हणजे 15 जानेवारी 2026 ला, अखेर पालिकेची निवडणूक झाली. मतदानाच्या आधीच इथले बरेच नगरसेवक बिनविरोध आले आणि पेपरांत केवढा गहजब झाला. बैठकीत तो विषय निघाला. बायकांना काही कळेना. "आपण पण बिनविरोधच आलो की. आपलं कुठं छापून आलं?" त्यांना मी समजावून सांगितलं की तिथं दुसऱ्यांनी अर्ज भरले आणि मग मागे घेतले. आजी म्हणाली, "मग भरले कशाला?" हा प्रश्न मी आजवर एकाही राजकीय विश्लेषकाच्या तोंडून इतक्या थोडक्यात ऐकलेला नाही.

लोकप्रतिनिधीची जागा भरायची म्हणून एक नवे नगरसेवक बैठकीला आले. माणूस चांगला. वीस मिनिटं बोलले, शाळा डिजिटल करू म्हणाले, आजीच्या पाया पडले. मग हजेरीच्या वहीवर सही केली. ती सही तीन ओळींवरून आडवी गेली आणि दोन आयांची नावं तिच्याखाली दिसेनाशी झाली. त्या दोघींनी मग समासात सह्या केल्या. तेवढ्यात ताईंनी चव नोंदवही पुढे सरकवली. "साहेब, खिचडी आली आहे. चाखून लिहा." त्यांनी चमचाभर खाल्ली आणि इकडेतिकडे पाहत 'चव उत्तम' असं लिहिलं. ताईंनी खाली कंसात 'आज' एवढा शब्द घातला.

आता ताईंची मुदत संपत आली आहे. या पदाची एक अट फार क्रूर आहे: सदस्याचं मूल शाळेत हवं. आमदारकीला असं काही नसतं. ताईंची मोठी मुलगी यंदा सातवीत, म्हणजे जूनमध्ये ती दुसऱ्या शाळेत जाणार आणि ताईंची पालकी त्याच दिवशी संपणार. धाकटा अंगणवाडीत आहे. त्याला इंग्रजी शाळेत घालायचं घरात केव्हाच ठरलं होतं. अध्यक्षपतींनी फॉर्मसुद्धा आणून ठेवला होता, पाचशे रुपये मोजून. परवा डबा घ्यायला गेलो तर फॉर्म पोळ्यांच्या डब्याखाली तेल पुसायला होता.

"घालणार नाही का?" मी विचारलं.

"इथंच घालते," ताई म्हणाल्या. "गणवेशाचं दुसरं बिल अजून पास व्हायचंय, आणि वरच्या टाकीचं झाकण सर विसरलेत. त्याला पहिलीत घातलं की सात वर्षं काही काळजी नाही."